टेलिफोनचे बिल आणि गृहस्थाची काटकसर
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी कोणी शिक्षणावर बोलतो, कोणी हुंड्याच्या चालीवर, तर कोणी वधूवरसंशोधनातील अडचणींवर. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर बोलावयास आमच्याहून अधिकारी माणसे येथे बसलेली आहेत. म्हणून चिटणीसांनी यंदा आम्हांस आज्ञा केली तेव्हा आम्ही एक लहान विषय मागून घेतला. किराणा, दूध आणि वीज यांचे हिशेब आपण ओळीने तपासतो. परंतु घरातील टेलिफोन, मोबाइल आणि ब्रॉडबँड यांवर वर्षाकाठी एकंदर किती रुपये जातात, असे विचारले असता भला हिशेबी गृहस्थही आढ्याकडे पाहू लागतो. याचे कारण असे की, हा खर्च एका हाताने होत नाही. ब्रॉडबँडचे पैसे मुलगा भरतो, आपला रिचार्ज आपण कोपऱ्यावरच्या दुकानात करून घेतो, सुनेचा तिच्या खात्यातून परस्पर जातो, आणि दिवाणखान्यातील जुन्या टेलिफोनचे बिल कोण भरतो हे घरात कोणासच ठाऊक नसते. चार हातांनी गेलेला पैसा चौपट असला तरी दिसत नाही.

आमच्या पिढीस टेलिफोनची काटकसर शिकवावी लागली नाही. ती परिस्थितीनेच शिकविली. ट्रंक कॉल नोंदवून तास तास वाट पाहावयाची, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा वर्गांतून खिशास परवडेल तो निवडावयाचा, आणि तीन मिनिटे संपली की मध्येच ऑपरेटरचा आवाज ऐकावयाचा, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभविले आहे. देशात पहिली एस.टी.डी. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. तिचे पिवळे फलक आपल्या चौकाचौकांत येण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली. ते आले तेव्हा रात्री दर उतरण्याची वाट पाहत माणसे बूथसमोर रांग धरीत, आणि आत गेलेला मनुष्य समोरच्या यंत्रावरील लाल आकडे पाहत पाहत बोले. गल्लीत एका घरी फोन असावयाचा व बाकीच्यांनी आपल्या पत्रिकेवर ‘पी. पी.’ म्हणून तोच क्रमांक छापावयाचा. १९९५ साली मोबाइल आला, तेव्हा तर आलेला कॉल घेण्यासही पैसे पडत. ते २००३ च्या मे महिन्यापासून थांबले. त्या काळी खर्च वाचविण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे कमी बोलणे. ‘मिस्ड कॉल’ ही खुणेची भाषा त्याच काटकसरीतून जन्मास आली.

तो काळ संपला आहे. २०१६ साली कॉल मोफत देणारी कंपनी बाजारात उतरली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन केला असता कंपन्यांनी परस्परांस द्यावयाचा आकारही १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला. आता बहुतेक योजनांत बोलण्यास मर्यादाच उरलेली नाही. पूर्वी टेलिफोन विजेच्या मीटरासारखा होता. आता तो आपल्या शहरातील पाणीपट्टीसारखा झाला आहे. नळ किती दिवसांआड येतो याचा आणि पाणीपट्टीच्या आकड्याचा काही संबंध असतो काय? (हा प्रश्न या सभागृहात विचारावयास नको होता, हे आपल्या हसण्यावरून कळले.) तसेच येथेही आहे. आपण दोन मिनिटे बोललात काय आणि दोन तास बोललात काय, पैसे रिचार्ज केला त्या दिवशीच जाऊन चुकलेले असतात.

आमच्या परिचयातील एक वृद्ध भगिनी सिडकोत एकट्या राहतात. त्यांची कन्या पुण्यास असते व रविवारी फोन करते. दोन-तीन मिनिटे झाली की बाई म्हणतात, “ठेव आता, पैसे पडतील.” आणि फोन ठेवतात. याच बाई दर अठ्ठावीस दिवसांनी रोज दीड जीबी इंटरनेटचा रिचार्ज करतात आणि त्यांच्या हातातील बटणांच्या साध्या फोनवर इंटरनेट चालतच नाही. जेथे वाचावयास हवे तेथे पैसा जातो, आणि जेथे वाचवून काही हाती लागत नाही तेथे आईचे लेकीशी बोलणे तुटते. हा विषय आम्ही घेतला तो या एका गोष्टीसाठी.

तेव्हा खर्च कोठे होतो तो आता पाहू. पहिली बाब दिवसांची. अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की, वर्षाचे महिने बारा. परंतु रिचार्जच्या वर्षात महिने तेरा असतात, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. समजा, एक रिचार्ज ३५० रुपयांचा आहे. आपण मनाशी बारांचा हिशेब धरून ४,२०० रुपये म्हणतो. प्रत्यक्षात ४,५५० जातात. घरात चार फोन असतील तर हा न दिसणारा तेरावा महिना वर्षास १,४०० रुपये नेतो. या प्रथेविषयी तक्रारी झाल्या, तेव्हा २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्यास सर्वजण ‘ट्राय’ म्हणतात, असा हुकूम काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण तीस दिवसांची आणि एक दर महिन्यास त्याच तारखेस येणारी ठेवावी. अशा योजना असतात, परंतु दुकानदार आपण होऊन त्या दाखवील ही आशा करू नये. योजना कोणतीही असो, तिच्या किमतीस दिवसांनी भागावे. ३५० भागिले २८ म्हणजे रोजचे साडेबारा रुपये. तीच सेवा ८४ दिवसांसाठी, समजा, ८४० रुपयांस मिळाली तर रोजचे दहा पडतात व वर्षास नऊशेंच्या वर रुपये वाचतात. चौथीच्या मुलास जमणारा हा भागाकार आपण दुकानाच्या फळीवर करीत नाही, इतकेच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर चढविले, तेव्हापासून तर तो करणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

दुसरी बाब, न लागणारी वस्तू विकत घेण्याची. वर सांगितलेल्या भगिनींसारखी माणसे देशात कोट्यवधी आहेत. त्यांचा विचार करून ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की, ज्यांस इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांची योजना कंपन्यांनी ठेवलीच पाहिजे. अशा योजनांची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असे. ती ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास परवानगी दिली. त्याप्रमाणे २०२५ च्या प्रारंभी कंपन्यांनी त्या योजना आणल्या. त्या अगदी स्वस्त आहेत असे आम्ही म्हणणार नाही. नियामकाने योजना ठेवावयास लावली, किंमत मात्र ठरवून दिली नाही, हा त्यातील कच्चा दुवा होय. तरीही वर्षभराचा हिशेब मांडला असता फरक पडतो, आणि दर महिन्यास कोणाच्या तरी हातापाया पडून रिचार्ज करून घेण्याचा वृद्ध माणसाचा त्रास वाचतो, हे निराळेच. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि बँकेचा ओटीपी येतो म्हणून मुलाचे सिम कपाटात चालू ठेवावे लागते, त्यांनीही याच योजनेचा विचार करावा. ओटीपी घेण्यासाठी रोज दोन जीबी लागत नाही.

आता ब्रॉडबँडकडे वळू. येथे आपण एकच वस्तू दोनदा विकत घेतो. घरात वाय-फाय आहे, दिवसभर घरीच असणारी वडीलधारी मंडळी त्यावरच व्हॉट्सॲप पाहतात, नातवाचे तोंड पाहतात, कीर्तन ऐकतात. आणि तरीही त्यांच्या मोबाइलवर रोजच्या इंटरनेटचा निराळा रिचार्ज असतो, जो वापरावाचून रोज मध्यरात्री बुडतो. अशांना केवळ बोलण्याची योजना पुरते. अर्थात जो गृहस्थ भाजीवाल्यास मोबाइलवरून पैसे देतो त्यास हे चालावयाचे नाही. त्यास बाहेर इंटरनेट हवेच. उलट, जेथे दोघेच पतिपत्नी राहतात आणि दोघांच्या फोनवर भरपूर इंटरनेट आहे, तेथे निराळा ब्रॉडबँड कशासाठी घेतला आहे, हे एकदा स्वतःस विचारावे. वरच्या मजल्यावर एक भाऊ, खालच्या मजल्यावर दुसरा, आणि दोघांची दोन जोडण्या व दोन बिले, हेही आम्ही पाहिले आहे. त्याचे कारण इंटरनेटमध्ये नसते, म्हणून त्यावर येथे बोलत नाही.

वेगाविषयी फार गैरसमज आहे. एका पडद्यावर स्वच्छ चित्र पाहण्यास सुमारे ५ एमबीपीएस वेग पुरतो. चार माणसे एकाच वेळी चार चित्रे पाहू लागली तरी वीस झाले. म्हणजे सामान्य कुटुंबास तीस-चाळीसची योजना पुष्कळ होते. शंभर-दोनशेची योजना घरी बसून मोठे काम करणाऱ्यासाठी. वेग मिळत नाही म्हणून लोक महागडी योजना घेतात, आणि राउटर असतो लोखंडी कपाटाच्या मागे! गुलमंडी-औरंगपुऱ्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड आहेत. त्यांतून त्या लहरी पार होत नाहीत. राउटर उंचावर, घराच्या मध्यभागी, उघड्यावर ठेवावा. मग योजना वाढवावयाची किंवा कसे ते ठरवावे.

जाहिरातीतील आकडा हा द्यावयाचा आकडा नव्हे, हेही ध्यानात असावे. ब्रॉडबँडच्या किमतीवर १८ टक्के जी.एस.टी. बहुधा वेगळा लागतो. पाचशेची योजना ५९० ची होते व वर्षास ७,०८० रुपये जातात. चित्रपट-मालिकांच्या वर्गण्या योजनेत ‘मोफत’ घातलेल्या असतात. त्या वगळलेली योजना मागून पाहावी, म्हणजे मोफताची किंमत कळते. वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर सवलत मिळते हे खरे, परंतु गल्लीतील नवख्या माणसाकडे वर्षाचे पैसे भरू नयेत. जोडणी बंद करताना राउटर परत करावा, त्याची पावती घ्यावी आणि अनामत मागावी. दिवाणखान्यातील जुन्या टेलिफोनवरही पूर्वी भरलेली अनामत असते. तो फोन केवळ शोभेचा झाला असेल तर लेखी अर्ज देऊन बंद करावा व अनामत परत घ्यावी. ज्यांस जुना क्रमांक मोडवत नाही (आणि अनेकांस मोडवत नाही, त्यामागे आठवणी असतात), त्यांनी बी.एस.एन.एल.कडे तोच क्रमांक फायबरवर मिळेल काय याची चौकशी करावी. म्हणजे एका बिलात दोन्ही गोष्टी होतात.

कंपनी बदलण्याचा अधिकार देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. क्रमांक तोच राहतो. १९०० या क्रमांकास ‘पोर्ट’ असा संदेश पाठवून प्रारंभ होतो. परंतु शिल्लक मुदत व पैसे नव्या कंपनीकडे जात नाहीत, म्हणून रिचार्ज संपत येईल तेव्हाच बदल करावा. ज्या कंपनीकडे जावयाचे तिचा सिग्नल आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो काय, हे शेजाऱ्याच्या फोनवर आधी पाहावे. न मागता गाणी, विनोद, भविष्य यांचे पैसे कापले जात असतील तर १५५२२३ या क्रमांकावर ते बंद करता येतात. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर दिसते. विसरलेले एखादे सिम तेथे सापडते, आणि आपल्या नावाने दुसऱ्याने घेतलेलेही सापडते. बिलाविषयी कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. टेलिफोनच्या तंट्यात ग्राहक आयोगाकडे जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. पूर्वी या बाबतीत ग्राहकास परत पाठवीत असत.

कोठे कापू नये, हेही सांगितले पाहिजे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात एकच फोन, तोही वडिलांचा, व ते सायंकाळी वाळूजच्या कारखान्यातून परतले म्हणजे मुलाने त्यावर दिवसाचा अभ्यास पाहावयाचा, अशी कुटुंबे आपल्या ज्ञातीत होती. त्या मुलांची ती दोन वर्षे भरून आली असे आम्हांस आजही वाटत नाही. म्हणून परीक्षेस बसणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे इंटरनेट हे काटकसरीच्या यादीत शेवटचे असावे. आजोबांच्या फोनवर रोज बुडणाऱ्या दीड जीबीचे पैसे आधी तिकडे वळवावेत. सुनेच्या माहेरच्या फोनवरही कात्री चालवू नये. त्याला आता पैसे पडत नाहीत, हे घरातील ज्येष्ठांस कोणीतरी नीट समजावून द्यावे.

कार्यकारी मंडळाने आमची एक विनंती मान्य केली आहे, ती येथेच जाहीर करतो. पुढील महिन्याच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा, मंडळाच्या कार्यालयात आपले दोन तरुण पदवीधर बसतील. ज्यांस आपल्या घरचा हिशेब तपासून घ्यावयाचा असेल त्यांनी गेल्या तीन महिन्यांची बिले, घरातील सर्व फोनांचे क्रमांक आणि प्रत्येकाचा रिचार्ज कधी व कितीचा झाला याची चिठ्ठी घेऊन यावे. ओटीपी आणि बँकेचा पिन मात्र त्यांसही सांगू नये. ज्यांस जिना चढवत नाही त्यांनी नाव कळवावे. मुले घरी येतील.