वेदांची खाती आणि बंद दार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिकलो ते वाचनालयात. मागल्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "काका, वेद म्हणजे एकच पोथी का हो?" वीस वर्षं आम्ही वेदांविरुद्ध भाषणं ठोकली, पण उत्तर देता येईना. मान खाली गेली. म्हणून वर्षभर वाचलं, ते आज सांगतो.

वेद ही एक पोथी नव्हे. गिरणीत साचेखातं, मागखातं असतं, तशी यज्ञात खाती होती. होता ऋग्वेदाच्या ऋचा म्हणणार, उद्गाता साम गाणार, अध्वर्यू यजुर्वेदाप्रमाणे हातचं काम करणार, ब्रह्मा सगळ्यांवर नजर ठेवणार. त्याच्याशी पुढे अथर्ववेद जोडला गेला. प्रत्येक वेदात मंत्रांची संहिता, मग यज्ञाचं विवरण करणारे ब्राह्मणग्रंथ, मग आरण्यकं आणि उपनिषदं.

सगळं तोंडपाठ. गुरूगणिक पाठ वेगळा झाला आणि शाखा फुटल्या. पतंजलीच्या महाभाष्यात ऋग्वेदाच्या 21, यजुर्वेदाच्या 101, सामवेदाच्या 1000 आणि अथर्ववेदाच्या 9 शाखा सांगितल्या आहेत. आज मोजक्याच उरल्या. आपल्या महाराष्ट्रात ब्राह्मण मंडळी ऋग्वेदी, माध्यंदिन, हिरण्यकेशी अशी ओळख सांगतात, ती या वेद-शाखांवरून आणि त्यांच्या सूत्रांवरून.

शाखांपाठोपाठ कल्पसूत्रं आली. मोठ्या यज्ञांची श्रौतसूत्रं. मुंज, लग्न अशा घरच्या संस्कारांची गृह्यसूत्रं. दोरीनं वेदीची मापं घेण्याची शुल्बसूत्रं. आणि कोणी कसं वागावं याची धर्मसूत्रं. तैत्तिरीय शाखेच्या आपस्तंबाच्या कल्पसूत्रात हे चारही प्रकार आहेत. त्याचे 30 प्रश्न, म्हणजे प्रकरणं. त्यातला 28 वा आणि 29 वा प्रश्न म्हणजे धर्मसूत्र.

बंधूंनो, आपला संबंध इथं येतो. ब्राह्मणाची मुंज आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या. शूद्राला मुंजच नाही, म्हणून वेदही नाही. गौतम धर्मसूत्र तर सांगतं की मुद्दाम वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी. ज्यांनी विटेचं माप ठरवलं, त्यांनीच माणसाचंही माप ठरवलं.

पण याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट सापडते. तैत्तिरीय ब्राह्मणात रथकाराला, म्हणजे रथ बनवणाऱ्या कारागिराला, यज्ञाचा अग्नी स्थापण्याची मुभा आहे. म्हणजे दार कुठं किलकिलं होतं, कुठं बंद. माणसांनी केलेले नियम असेच असतात. उपनयन नाकारल्यामुळे शूद्रांची अधोगती झाली, हे बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांवरील ग्रंथात मांडलं.

हे जुनं झालं असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना मागखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उठवला. यज्ञमंडपाचा विटाळ थेट मागापर्यंत आला होता!

बुद्धांनाही या शाखा ठाऊक होत्या. दीघनिकायातल्या तेविज्ज सुत्तात तैत्तिरीय, छांदोग्य अशा ब्राह्मणांची नावं येतात. प्रत्येकाचा मार्ग वेगळा, खरा कोणता, असा वाद घेऊन दोन तरुण आले. भगवंतांनी त्यांना हाकललं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, तुमच्या गुरूंपैकी कोणी ब्रह्मा प्रत्यक्ष पाहिला आहे काय?

असा प्रश्न विचारायचा, तर आधी समोरच्याचं ऐकून, वाचून घ्यावं लागतं. आम्ही ते उशिरा शिकलो. तुमच्या मुलांना उशीर होऊ देऊ नका. ज्या कानांत कथील ओतायचा हुकूम होता, त्याच कानांच्या लेकरांनी आज हे ग्रंथ उघडून वाचावेत, तपासावेत आणि निर्भयपणे प्रश्न विचारावेत.

एवढं बोलून थांबतो. जयभीम! जयबुद्ध!