वुशूआधी पायांची तयारी

आधुनिक वुशू या चिनी युद्धकलेचे मुख्य प्रकार दोन.
ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सादरीकरण.
सांदा म्हणजे प्रत्यक्ष लढत.
श्रोतेहो, दोन्हींचा पाया एकच: मजबूत पाय.

आधी अंग गरम करावे.
हलके धावावे, दोरीवरच्या उड्या माराव्यात.
थंड स्नायू कधीच जोराने ताणू नयेत.

मग मा-बू, म्हणजे घोडेस्वाराची बैठक.
पाय फाकवून, पाठ ताठ ठेवून खाली बसायचे.
मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत काही आठवडे जातात.
ते जाऊ द्यावेत.
घाईत गुडघे आत झुकतात,
आणि दुखणे तिथूनच सुरू होते.

ताओलूतल्या उंच उड्या मोहक दिसतात.
पण आधी पाय मजबूत, मगच उडी.
उडीपूर्वी उतरणे शिकावे:
गुडघे वाकवून, शक्य तितके अलगद.
गुडघ्याला जुनी दुखापत असेल,
तर सरावापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.