मोबाइलचा रतीब आणि खात्यातली गळती



दुधाचा रतीब आपल्याला नवा नाही. एकदा लावला की गवळी रोज दूध घालणार आणि महिनाअखेर पैसे मागणार. आपण दार लावून घेतलं म्हणून रतीब मोडत नाही, तसं सांगावं लागतं. मोबाइलवरच्या ॲपचंही असंच असतं, आणि नेमकी इथंच आपली फसगत होते.

समजा, पोरानं कार्टून बघायला एक ॲप घेतलं. ‘एक रुपयात सात दिवस’ असं दिसलं आणि तुम्ही पिन टाकला. रुपया गेला, त्याचं काही नाही. पण त्याच पिननं दरमहा पैसे कापायलाही तुम्ही मान्यता दिलेली असते. ती ओळ बारीक अक्षरात असते. आठवड्यानं १९९ रुपये जातात, पुढच्या महिन्यात पुन्हा १९९. वर्षाचे झाले २,३८८, म्हणजे पी. एम. किसानच्या एका हप्त्याहून जास्त! मग आपण रागानं ॲप पुसून टाकतो. पैसे मात्र जातच राहतात, कारण रतीब चालूच असतो.

तो मोडायचा कसा? ज्या ॲपमधून तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवता, त्यात ‘ऑटोपे’ असा भाग असतो. तिथं चालू परवानग्यांची यादी दिसते. नको ती निवडून रद्द करा. यादीत नसेल तर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथून रद्द करा. पैसे प्ले स्टोअरमधून नुकतेच गेले असतील तर ४८ तासांच्या आत परतावा मागून बघावा. मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम मात्र पुन्हा पिन न विचारता जाऊ शकते. म्हणून बँकेचे संदेश न वाचता पुसू नका.

आता थकबाकीचं. खात्यात पैसे नसले तर बहुतेक ॲप नुसतं बंद पडतं. तरीही रतीब मोडाच, कारण रक्कम परत गेली म्हणून काही बँका दंड लावतात आणि पुढं पैसे जमा झाले की तो वळता करून घेतात. खर्च मोबाइलच्या मासिक बिलात चढला असेल, तर ती खरी उधारी. बिल मागवा, ओळीओळीनं तपासा, चुकीची रक्कम असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

‘ॲपचे पैसे थकलेत, सातबाऱ्यावर बोजा चढवू’ असा फोन आला तर घाबरू नका. असा बोजा फोनवरून चढत नाही. त्यानं पाठवलेल्या दुव्यावर पैसे भरू नका. आणि पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. कंपनी रद्द करू देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हा ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अनुचित प्रकार आहे. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही.

पासबुक भरून आणायला जाल, तेव्हा मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी पोराला मोठ्यानं वाचायला सांगा.