बौद्धिक दिव्यांगांचे संगोपन आणि पदव्युत्तर प्रशिक्षण

बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा सांभाळ हे आईच्या मायेचे आणि घरच्या माणसांच्या सोशिकपणाचे काम आहे, अशी समजूत समाजात रूढ आहे. माया आणि सोशिकपणा यांवाचून हे काम होत नाही, हे खरे. परंतु केवळ त्यांच्या बळावर ते पुरे होते, असे मात्र नाही. आपल्या मुलाला वीस वर्षे स्वतःच्या हाताने आंघोळ घालणारी माता पुष्कळ गावांत आढळते. तिच्या वात्सल्याला तोड नाही. पण त्याच मुलाला वेळीच आणि योग्य पद्धतीने शिकविले गेले असते, तर त्यांपैकी कित्येक मुले स्वतःच्या हाताने तांब्या उचलून अंगावर पाणी घेऊ शकली असती. हे कसे शिकवावे, हे त्या मातेला सांगणारे कोणी भेटले नाही. असा सांगणारा माणूस तयार करणे, हे या क्षेत्रातील पदव्युत्तर प्रशिक्षणाचे खरे प्रयोजन होय.

संज्ञा आणि व्याप्ती

बौद्धिक अक्षमता म्हणजे तर्क करणे, शिकणे, अडचणीतून मार्ग काढणे यांसारख्या बौद्धिक क्रियांत, तसेच दैनंदिन व्यवहारातील कौशल्यांत लक्षणीय मर्यादा असणे. ही अवस्था वाढीच्या वयातच सुरू होते. ती मनोरुग्णता नव्हे. मानसिक आजार कोणत्याही वयात जडू शकतो आणि अनेकदा औषधोपचाराने आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमतेवर मुख्य उपाय म्हणजे शिक्षण आणि आधार. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमातही मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अवस्था स्पष्टपणे वगळण्यात आली आहे. तरीसुद्धा दोहोंची गल्लत आजही होते आणि तिची किंमत त्या व्यक्तीला मोजावी लागते.

सन २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद या प्रकारात झाली. महाराष्ट्रातील आकडा १ लाख ६० हजारांच्या आसपास होता. सौम्य स्वरूपाची अक्षमता पुष्कळदा नोंदविलीच जात नाही. 'अभ्यासात मागे' एवढाच शिक्का बसून असे मूल शाळेतून गळते. यास्तव प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, हे उघड आहे.

प्रशिक्षणाची वाटचाल

या कार्याचा आरंभ पालकांच्या पुढाकारातून झाला. होरमसजी वकील आणि त्यांच्या पत्नी यांनी आपल्या कन्येच्या निमित्ताने सन १९४४ मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा पुढे 'जय वकील' या नावाने सर्वश्रुत झाली. सन १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. हात, डोळा आणि दैनंदिन कृती यांची सांगड घालणाऱ्या या शास्त्राचा बौद्धिक दिव्यांगांना मोठा लाभ झाला.

सन १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे केंद्र शासनाने या विषयासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या पूर्वीच्या नावातील 'मतिमंद' या अर्थाचा शब्द आता गेला असून, ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान या नावाने ओळखली जाते. नवी मुंबई येथे तिचे प्रादेशिक केंद्र आहे. सन १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम मान्य करणे आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय नोंदवही ठेवणे ही तिची कामे आहेत. नोंदणी नसताना या व्यवसायात काम करणे हा त्या अधिनियमानुसार दंडनीय अपराध आहे.

आज या क्षेत्रात पदविका, विशेष शिक्षणातील बी.एड. व त्यापुढील एम.एड. असे टप्पे आहेत. डॉक्टर, उपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्राचे पदवीधर यांच्यासाठी शीघ्र हस्तक्षेप या विषयातील पदव्युत्तर पदविकाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयात विशेष विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षकांचे तात्पुरते प्रमाण सुचविले. परंतु या शिक्षकांना घडविणारे शिक्षक कोठून येणार? हा प्रश्न पदव्युत्तर शिक्षणाकडेच घेऊन जातो.

पदवीपुढील शिक्षणाने काय साधावे?

पदविका घेतलेला शिक्षक मुलाला शिकवितो. पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून याहून तीन गोष्टी अधिक अपेक्षित आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अचूक मोजमाप. 'मूल हुशार नाही' या विधानाचा शिकविण्यासाठी काही उपयोग नाही. त्याला काय येते, काय मदतीने येते आणि काय मुळीच येत नाही, याची नोंद हवी. सिकंदराबादच्या संस्थेने सन १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुलांसाठीच्या वर्तन-मापनश्रेणीत सात क्षेत्रांतील २८० कौशल्यांची पाहणी होते. समस्यात्मक वर्तनासाठी आणखी ७५ बाबी आहेत. या पाहणीतून प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक कार्यक्रम आखता येतो.

त्यानंतर कृतीचे लहान लहान पायऱ्यांत विभाजन करावयाचे असते. सदरा घालणे ही सामान्य माणसाला एकच कृती वाटते. प्रत्यक्षात सदरा हातात धरणे, पुढची बाजू ओळखणे, एक हात बाहीत घालणे, मग दुसरा, दोन्ही बाजू समोर आणणे आणि गुंड्या लावणे, अशा तिच्या अनेक पायऱ्या आहेत. कधी शेवटची पायरी प्रथम शिकवितात. बाकी सर्व शिक्षकाने करावयाचे आणि शेवटची गुंडी मुलाने लावावयाची. काम पुरे केल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. प्रथम हात धरून, नंतर खुणेने, पुढे केवळ शब्दाने मदत करावयाची आणि ती हळूहळू काढून घ्यावयाची. मदत केव्हा द्यावी, यापेक्षा ती केव्हा थांबवावी हे कळणे अधिक कठीण असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आजार ओळखण्याची सावध दृष्टी. शांत स्वभावाचा तरुण एकाएकी डोके आपटू लागला, तर 'असेच असतात हे' असे म्हणून सोडून देण्याची सवय घरच्यांनाच नव्हे, तर कधी वैद्यकांनाही असते. त्याला दातदुखी असेल, कान फुटला असेल, बद्धकोष्ठता असेल. शब्द नसल्याने तो ते सांगू शकत नाही. डाऊन लक्षणसमूह असलेल्या सुमारे निम्म्या बालकांत जन्मतः हृदयदोष आढळतो, कंठस्थ ग्रंथीच्या विकाराचे प्रमाणही अधिक असते आणि उतारवयाच्या पुष्कळ आधीच स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू शकतात. मूळ अक्षमतेच्या आड दुसरा आजार दडू नये, हे पाहणे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे शिकविणाऱ्यांना शिकविणे. तज्ज्ञ मुलाबरोबर फार तर आठवड्यातून एक तास असतो. आई, आजी, भावंडे दिवसभर असतात. म्हणून तज्ज्ञाने स्वतः किती मुलांना शिकविले, यापेक्षा त्याने किती माता, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षक यांच्या हाती हे तंत्र दिले, हा त्याच्या कामाचा खरा निकष आहे.

अठरा वर्षांनंतर काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अठरावे वर्ष उलटले की शाळा संपते. त्या व्यक्तीचे आयुष्य मात्र पुढे चाळीस-पन्नास वर्षे चालू राहते. आपल्या प्रशिक्षणाचा भर मुख्यतः बालकांवर राहिला आणि प्रौढांचा प्रश्न घराच्या उंबरठ्याआड राहिला. मुलीची मासिक पाळी, शरीराची सुरक्षितता आणि नको असलेल्या स्पर्शाला नकार देण्याचे शिक्षण, झेपेल असे काम, त्या कामाचा मोबदला, हे विषय अभ्यासक्रमात कडेला राहून चालणार नाहीत.

पालकांच्या मनातील सर्वांत मोठी चिंता एकच असते, आणि ती म्हणजे 'आमच्या माघारी याचे काय?' सन १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तरीय समितीकडे करावयाचा असतो आणि त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. ही माहिती पुष्कळ कुटुंबांना वडिलांच्या निधनानंतर, बँकेच्या खिडकीशी उभे असताना मिळते. सन २०१६ च्या अधिनियमाने आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. पालकाने सर्व निर्णय परस्पर घ्यावेत असे नव्हे, तर मर्यादित पालकत्वाच्या रूपाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावेत, हे त्यातील तत्त्व होय. ज्याला शब्द कमी आहेत त्याची इच्छा कशी जाणून घ्यावी, हे प्रशिक्षणातूनच शिकावे लागते.

गावापर्यंतचा पूल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे अशी ही रचना आहे. तपासणीत मूल आढळते. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला जाणे मजुरी बुडवून होत नाही. दोन-तीन खेपांनंतर येणे थांबते. कागदावर मूल 'पाठविले' गेलेले असते आणि प्रत्यक्षात ते घरीच असते.

हा दुवा जोडण्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्य शहरातील संस्थेपुरते मर्यादित नसावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडे एखाद्या तालुक्यातील काही कुटुंबे वर्षभर सोपवावीत. तेथील चूल, न्हाणीघर, गोठा आणि शेत हीच त्याची अध्ययनसाधने व्हावीत. शेणी रचणे, शेळ्या राखणे, भाजी निवडणे, पाणी भरणे या कामांच्या पायऱ्या पाडता आल्या, तरच ग्रामीण प्रौढाला उपयोगी पडणारे शिक्षण उभे राहील. वर्षअखेरीस त्याने प्रबंध अवश्य सादर करावा. पण त्यासोबत त्या व्यक्तीला काय नवीन येऊ लागले, याची नोंदही परीक्षकांनी पाहावी.

ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. ही रक्कम वस्तुवाटपात संपविण्याऐवजी तिच्यातून परिसरातील काही गावांनी मिळून महिन्यातून एकदा प्रशिक्षित व्यक्तीला बोलाविण्याचा विचार करण्याजोगा आहे. मुख्याध्यापकांनी पटावर असूनही न येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन कारण पाहावे. ग्रामसेवकांनी दिव्यांगांच्या नोंदवहीत केवळ बालकांची नव्हे, तर चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तींची आणि त्यांना सांभाळणाऱ्या वृद्ध मातापित्यांच्या वयाचीही नोंद ठेवावी. पालक सत्तरीच्या पुढे असतील, तर ते घर प्रथम भेटीचे मानावे.

पदव्या वाढतील, संस्था वाढतील, त्या वाढावयास हव्यातच. परंतु त्यांचे यश मोजण्याची जागा दीक्षांत समारंभाचे व्यासपीठ नव्हे. गेल्या वर्षी ज्याला भरवावे लागत होते तो यंदा स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खातो काय, आणि त्याच्या आईला दुपारी घटकाभर पाठ टेकता येते काय, हे ज्या घरात पाहता येईल, तेथेच या प्रशिक्षणाची परीक्षा व्हावयाची आहे.