वर्गातले हसणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी तोंड गोड करावे असा आपला प्रघात आहे. ते काम स्वयंपाकघरातल्या भगिनींनी चोख केलेच आहे; तेव्हा मी चार शब्द जरा कडू बोलले तरी आपण सांभाळून घ्याल, असा भरवसा वाटतो.

शाळेतला छळ म्हटला की आपल्याला मास्तरांची छडी आठवते. छडीचा वळ निदान आईला दिसतो, तिला हळद लावता येते. पण वर्गातली मुलेच जेव्हा एखाद्याला हसतात, तेव्हा वळ उठतो तो आत. आणि मूल घरी येऊन एवढेच म्हणते, ‘मला शाळेत जायचे नाही.’

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१४ साली चित्रपटगृहांत लागला. त्याला पदार्पणाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलालाही बालकलाकाराचे मिळाले. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हुशार आहे, वर्गातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडला आहे. परंतु गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराकडे आलेले. शाळासोबत्यांनी आपल्याला त्या कामात पाहू नये म्हणून तो भिंतीआड लपू पाहतो. बापाला बहिणीच्या लग्नाची काळजी. तो त्याला ओढून कामाला लावतो.

डुक्कर हाताशी येते, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. राष्ट्रगीताचा मान राखणाऱ्या त्या घराचा मान मात्र कोणी राखत नाही. पोरे जमून हसतात, जणू क्रिकेटचा सामनाच चालला आहे. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून घरचे चालू लागतात, तेव्हा शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. शेवटी जब्या दगड उचलतो, आणि अखेरचा दगड थेट आपल्याच अंगावर येतो.

भगिनींनो, तो आपल्या अंगावर का यावा? हसणारी ती पोरे काही दुष्ट म्हणून जन्माला आली नव्हती. कोणाला हसायचे हे मूल शाळेत शिकत नाही, ओसरीवर शिकते. ‘त्यांच्याकडचे पाणी पिऊ नकोस’, ‘ती वस्तीवरची पोरे तसलीच’ अशी वाक्ये आपण भाजी निवडताना सहज बोलतो. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये दप्तरात बसून वर्गात जातात.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वाडी-वस्तीवरची, धनगरवाड्यावरची, कातकरी घरांतली मुले दूरवर पायी चालून शाळेत येतात. त्यांच्या बोलण्याला, डब्यातल्या भाकरीला कोणी नाक मुरडले, तर ती एक दिवस यायची थांबतात. आणि आपण म्हणतो, ‘त्याला अभ्यासाची आवडच नव्हती.’

कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. तो भिंतीवर लिहून ठेवावा. त्याच कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेथे केवळ सही करून येऊ नये. खिचडी आणि गणवेश यांच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : या वर्षी कोणते मूल यायचे थांबले, आणि का?

परंतु कायदा ओसरीवर येऊन बसत नाही. तेथे आपणच असतो. मूल घरी आले की आपण गुण विचारतो. त्याऐवजी एखादे दिवशी विचारावे, ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास? वर्गात कोणाला चिडवतात? तेव्हा तू काय करतोस?’ आपले मूल मार खाणारे नसेल, तर ते हसणारे तर नाही ना, हेही आईनेच पाहायचे. आपले बाळ दुखावले की आपण शाळेत धाव घेतो. आपल्या बाळाने दुसऱ्याला दुखावले तर मात्र ‘पोरांचे चालायचेच’ म्हणतो. हा दुजाभाव सोडला पाहिजे.

सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्यावर शेण नि दगड फेकीत. त्या सोसून शिकवीत राहिल्या, म्हणून आपण आज येथे कागद हाती धरून बोलतो आहोत. त्यांचे ऋण तसबिरीला हार घालून फिटणार नाही. शेजारच्या वस्तीवरच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी सुखाने बसता आले, तर थोडेसे फिटेल.