सोनाखान आणि सोनझारी

छत्तीसगडच्या बलौदाबाजार जिल्ह्यात सोनाखान हे गाव आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी गेलेले जमीनदार वीर नारायण सिंह यांच्यामुळे ते ख्यातनाम झाले. तथापि या नावात जे सोने आहे, ते शोधणारे मात्र अनामिकच राहिले. ते सोनझारी, म्हणजे नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे लोक, होत. उथळ लाकडी पात्रात वाळू घेऊन ती पाण्यात गोल फिरवली असता हलकी रेती वाहून जाते आणि तळाशी लोहयुक्त काळ्या रेतीत, नशीब असेल तर, एखाद-दुसरा पिवळा कण उरतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीत ‘सोनझारी झरेका’ हे नाव आजही आढळते. याउलट कोलारच्या सोन्यासाठी 1873 मध्ये म्हैसूर सरकारकडे परवाना मागणाऱ्या मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाच्या नावाचा रस्ता बंगळुरूत आहे, यात कर्तृत्वाइतकाच कागदोपत्री नोंदीचाही वाटा असावा. सोनाखानजवळच्या बाघमारा सुवर्णक्षेत्राचा लिलाव 2016 मध्ये होऊन ते वेदांत कंपनीकडे गेले.