हाताने चालू करता येतं का?

आज थेट एका कंट्रोल रूममध्ये जाऊया.

पश्चिम युक्रेनमधलं इव्हानो-फ्रँकिव्हस्क शहर. तारीख २३ डिसेंबर २०१५, दुपारी साडेतीनच्या आसपासची वेळ. वीज वितरण कंपनीतला एक ऑपरेटर शिफ्ट संपवायच्या तयारीत आहे, आणि त्याच्या स्क्रीनवर माउसचा बाण आपोआप हलायला लागतो. बाण एका सबस्टेशनच्या ब्रेकरवर जातो आणि तो उघडतो. ब्रेकर उघडणं म्हणजे वीज तोडणं, बरं का. आपल्या घरातल्या एमसीबीचाच राक्षसी भाऊ. स्क्रीन विचारते, नक्की ना? बाण ‘हो’वर क्लिक करतो. ऑपरेटर माउस ओढून बघतो, काही होत नाही. मग कॉम्प्युटर त्याला लॉगआउट करतो, आणि परत लॉगिन करायला जावं तर पासवर्डच बदललेला.

त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. डिसेंबरातली, म्हणजे युक्रेनमधली थंडी. सायबर हल्ल्याने वीजपुरवठा बंद पाडल्याची उघडपणे मान्य झालेली ही जगातली पहिली घटना.

आता हे आत शिरले कसे? वर्डची एक फाइल. ईमेलला जोडलेली, ‘मॅक्रो चालू करा’ म्हणणारी. ऑफिसमधल्या कुणीतरी चालू केला. हे झालं कित्येक महिने आधी, आणि तेव्हापासून ही मंडळी आत बसून शांतपणे बघत होती: कोण कधी लॉगिन करतं, कुठलं सॉफ्टवेअर कसं चालतं. ऑफिसचं नेटवर्क आणि ग्रिडचं नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल होती. पण कर्मचाऱ्यांना बाहेरून काम करता यावं म्हणून व्हीपीएन होतं, आणि त्याला दुसरी पायरी नव्हती. ओटीपी नाही, काही नाही. नाव-पासवर्ड चोरला की दार उघडं. भिंतीला भगदाड पाडायची गरजच पडली नाही.

आणि तयारी बघा. वीज गेल्यावर लोक तक्रार करायला फोन करणार, म्हणून कॉल सेंटरवर खोट्या कॉल्सचा मारा. कंट्रोल रूमला बॅकअप देणाऱ्या यूपीएसमध्येही गडबड करून ठेवलेली, म्हणजे दुसऱ्यांना वीज देणारेच अंधारात. जाताजाता कॉम्प्युटर पुसून टाकले. शिवाय सबस्टेशनमधली जी छोटी उपकरणं कंट्रोल रूमचे आदेश ब्रेकरपर्यंत पोचवतात, त्यांचं फर्मवेअरच बिघडवलं. म्हणजे स्क्रीन परत मिळाली तरी बटण दाबून काहीही होणार नाही. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, त्यात हाही हल्ला होता.

एवढं सगळं होऊन वीज किती वेळात आली? एक ते सहा तासांत.

कशी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हाताने बंद केले. बस. कारण ती जुनी यंत्रणा हाताने चालवता येत होती आणि ती कशी चालवायची हे माहीत असलेली माणसं नोकरीवर होती. कंट्रोल रूम पूर्ण सावरायला नंतर कित्येक महिने गेले, पण घरातला दिवा त्याच रात्री लागला.

मी दिवसभर क्लाउडवरच काम करतो, त्यामुळे हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसलाय: आमच्या कामात हे हँडल कुठे असतं? आमचा सर्व्हर ज्या इमारतीत आहे ती मी कधी पाहिलेली नाही. गाडी काढून जायचं कुठे?

हँडल नसलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. लोकांचा सोर्स कोड सांभाळून ठेवायचा, हाच धंदा. सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर. जून २०१४ मध्ये कुणीतरी त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलं आणि पैशांसाठी संपर्क करा म्हणून निरोप ठेवला. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले. पण त्या माणसाने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन बनवून ठेवले होते. हालचाल दिसताच त्याने एकेक गोष्ट डिलीट करायला सुरुवात केली. साधारण १२ तासांत बहुतेक डेटा गेला, आणि बॅकअपही गेले, कारण त्याच पॅनेलमधून तिथवर हात पोचत होता. कंपनीने शटर ओढलं. कायमचं.

लक्षात घ्या, यात ॲमेझॉनचं कुलूप तुटलेलं नव्हतं. क्लाउडचा करारच असा असतो की इमारत, वीज, मशिन ही त्यांची जबाबदारी; चाव्या कुणाकडे, कुठलं दार उघडं, ही आपली. आपल्याकडे बरेच जण ‘क्लाउडवर टाकलंय ना, मग सेफ आहे’ म्हणतात. मला हे वाक्य ऐकलं की धडधडतं. घर कितीही मजबूत इमारतीत घ्या, चावी पायपुसण्याखाली ठेवली तर सोसायटीचा वॉचमन काय करणार!

पण म्हणून क्लाउड नकोच, असं मी म्हणत नाहीये. उलट उदाहरण त्याच युक्रेनचं. तिथल्या कायद्यात सरकारी डेटा देशातल्याच सर्व्हरवर ठेवायची अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियन फौजा शिरण्याच्या आठवडाभर आधी, संसदेने ती शिथिल केली. मग युद्ध चालू असताना ॲमेझॉनने सुटकेससारखे डेटा साठवायचे डबे तिथे पाठवले, सरकारी नोंदी त्यात भरल्या आणि देशाबाहेरच्या क्लाउडवर चढवल्या. सर्व्हर असलेल्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं तरी जमिनीची नोंद शाबूत. म्हणजे इथे क्लाउड हेच हँडल झालं. प्रश्न क्लाउड की स्वतःचा सर्व्हर हा नाहीच. एक रस्ता बंद पडला तर दुसरा त्याच्यापासून खरंच वेगळा आहे का, हा आहे.

आता मुंबई. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवतेय? मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. नंतर फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी एका अमेरिकी कंपनीने भारतीय वीजक्षेत्रात चिनी घुसखोरी झाल्याचा अहवाल दिला. राज्य सरकार म्हणालं घातपाताचा संशय आहे, केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. टीव्हीवर त्यावर भरपूर भांडण झालं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुंबईसाठी ‘आयलँडिंग’ नावाची सोय आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं की शहराने स्वतःला बेटासारखं तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बेसारख्या जवळच्या वीजकेंद्रांवर तग धरायचा. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. कारण हॅकर असो नाहीतर नादुरुस्त लाइन, हँडल ओढलं तेव्हा ते चाललं नाही, आणि हल्ला ज्याला करायचाय त्याने ही गोष्ट नक्कीच वहीत लिहून ठेवली असणार.

तोडून घेण्याची सोय चालते तेव्हा कसं दिसतं? जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ती छोट्या बँकांना, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांना, तंत्रज्ञान पुरवते. एनपीसीआयने तिला तात्पुरतं पेमेंटच्या जाळ्याबाहेर काढलं. सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय अडलं, लोक वैतागले. पण उरलेल्या देशाचे व्यवहार चालू राहिले. एक फांदी वेळेत कापली.

तर क्लाउडमधलं हँडल कसं बनवायचं? बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये, आणि त्या अकाउंटच्या चाव्या वेगळ्या माणसाकडे. त्यावर ‘ऑब्जेक्ट लॉक’: मुदत संपेपर्यंत साध्या परवानगीने डिलीट करता येत नाही. कडक मोडमध्ये तर अकाउंटच्या मालकालाही नाही. मुख्य लॉगिनला दुसरी पायरी, शक्यतो हार्डवेअर की. आणि सगळ्यात कंटाळवाणं काम: वर्षातून काही वेळा बॅकअपमधून सिस्टीम खरंच उभी करून बघणं. हे कुणालाच आवडत नाही, कारण सगळं नीट झालं तर दाखवायला काही नसतं.

जे इंजिनिअर नाहीत त्यांच्यासाठी. गुगल फोटोजमध्ये सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. एका ठिकाणी डिलीट केलं की दोन्हीकडून जातं, मग ट्रॅशमध्ये थोडे दिवस पडून राहतं तेवढंच. वेगळी कॉपी म्हणजे कपाटातली हार्डडिस्क. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, फोन हरवला तरी त्यांनी आत जाता येतं. ते कागदावर लिहून घरी ठेवा. फोनमध्येच स्क्रीनशॉट काढून ठेवू नका राव.

आणि नोकरी करणाऱ्यांनी उद्या ऑफिसात एकच विचारायचं: बॅकअप शेवटचा कधी परत चढवून बघितला होता? काय उत्तर मिळालं ते मला कळवा, कंपनीचं नाव न सांगता. पुढच्या भागात आयलँडिंग नेमकं कसं चालतं ते बघू, फ्रिक्वेन्सीपासून. चला, भेटू.